बत्तिसाव्या पानाचे मास्तर

सवडकर मास्तरांनी हिंगोलीच्या पोरांना वाचनाची गोडी लावली, असं सांगणारी माणसं मला अजून भेटतात. लग्नाच्या पंगतीत भेटतात, दवाखान्याच्या बाकावर भेटतात. "मुळे सर, तुम्ही तर त्यांच्या हाताखाली होता. भाग्यवान!" असं म्हणतात. मी मान हलवतो. इतकी वर्षं हलवून ती मानही आता त्या कामाला सरावली आहे. पण खरं विचाराल तर त्र्यंबकराव सवडकर या गृहस्थाबद्दल माझ्या मनात आदराचा कण नाही. तेव्हाही नव्हता. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण चांगलं बोलायला काही तरी हाताशी लागावं की नाही?

निजामाचं राज्य होतं. शाळेतलं वरच्या वर्गांचं शिकणं उर्दूतून चाले. मराठी पुस्तकं होती दीड कपाट. एक अख्खं कपाट आणि दुसऱ्याचा खालचा अर्धा भाग, कारण वरच्या अर्ध्यात नकाशे आणि फुटबॉलचा पंप असे. या दीड कपाटाला सवडकर मास्तर 'ग्रंथालय' म्हणत. त्रेचाळीस साली मी गणिताचा मास्तर म्हणून तिथं लागलो, तेव्हा माझं वय एकवीस. आमचे हेडमास्तर हैदराबादकडचे, स्वभावानं मऊ. सगळे त्यांना सदरसाहेब म्हणत. त्यांना मराठी बोललेलं समजे, वाचता मात्र अक्षर येत नसे. त्यामुळे मराठी पुस्तकांचा सगळा कारभार त्यांनी सवडकरांवर सोपवला होता, आणि सवडकरांच्या हाताखाली मला दिलं.

मास्तर उंच, शिडशिडीत. गळ्यापर्यंत बटणं लावलेला लांब कोट, काळी टोपी. पुस्तक हातात घेण्याआधी ते तळव्यावर रुमाल पसरत आणि मग त्यावर पुस्तक ठेवत. उघडताना दोन्ही अंगठ्यांनी असं हळूच उघडत की बघणाऱ्याला वाटावं, आत काही तरी झोपलंय. मग प्रस्तावना वाचत. प्रस्तावना संपली की पुस्तक मिटत. पहिले काही महिने मला वाटायचं, बाकीचं घरी नेऊन वाचत असतील. नंतर कळलं की प्रस्तावनेच्या पलीकडं हा माणूस कधी गेलाच नव्हता. पण तेवढ्या भांडवलावर ते कुठल्याही पुस्तकावर तासभर बोलू शकत. लेखकाचा हेतू काय, त्याला किती अडचणी आल्या, मित्रांनी आग्रह कसा केला, सगळं तोंडपाठ. एकदा तहसीलच्या कारकुनानं भाबडेपणानं विचारलं, "मग शेवट काय होतो हो मास्तर?" मास्तरांनी डोळे बारीक केले आणि म्हणाले, "शेवट ज्यानं त्यानं शोधावा. तेच तर संशोधन." कारकून भारावून गेला. आमच्या गावात भारावणं तसं स्वस्तच होतं.

"वाचा, पोरांनो, वाचा. पण जपून," हे त्यांचं पालुपद. जपून म्हणजे पानं जपून, असं पोरं समजत. मीही तसंच समजलो होतो.

पुस्तकं कोण नेतो, कधी नेतो, कधी परत करतो, याची त्यांच्याकडं एक नोंदवही होती. अक्षर सुरेख. सोमवारी प्रार्थना झाली की ते वही घेऊन ओट्यावर उभे राहत आणि ज्यानं आठवड्यात सगळ्यात जास्त पुस्तकं नेली त्याचं नाव पुकारत. तो पोरगा पुढं येई, मास्तर त्याच्या हातात एक जाड पुस्तक देत आणि अख्ख्या शाळेपुढं त्याला ते छातीशी धरून उभा करत. वाचलंस का, हे विचारायची पद्धत नव्हती. जवळा बाजारच्या एका पोरानं एका आठवड्यात नऊ पुस्तकं नेली. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "काय काय वाचलंस रे?"

"वाचाया कुठं येळ हाय, सर? न्यायाचं आन् आणायाचं, त्याच्यातच दीस जाऊन राहिला."

शनिवारचा शेवटचा तास संशोधनाचा. मास्तर फळ्यावर प्रश्न लिहीत आणि पोरांनी कपाटातून उत्तर शोधून आणायचं. प्रश्न काय, तर कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक कोणतं? कोणत्या लेखकानं प्रस्तावनेत सगळ्यात जास्त लोकांचे आभार मानले? हा दुसरा प्रश्न त्यांचा फार लाडका. चाळीस पोरं घाम गाळत आभार मोजत बसत आणि मास्तर खिडकीशी उभे राहून समाधानानं बघत. महिन्यातून एकदा पोरांनी आपल्या मनातला प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि त्याचं उत्तर स्वतः शोधायचं, अशीही मुभा होती. ती फारसं कुणी वापरत नसे. मनात प्रश्न येईल असं शाळेत काही घडतच नव्हतं.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. एका उन्हाळ्यात कपाटाला वाळवी लागली. मास्तरांनी अख्खं कपाट एकट्यानं रिकामं केलं, एकेक पुस्तक अंगणात उन्हाला लावलं, कप्प्यांत कडुनिंबाचा पाला पसरला आणि तीन दिवस भर उन्हात राखण करत बसले. नाकातून रक्त आलं तरी उठले नाहीत. त्या तीन दिवसांत मला ते आवडले होते. पण पुस्तकावरचं ते प्रेम कोऱ्या कागदांवर आणि पुठ्ठ्यावर असतं तसलं होतं. आत काय छापलंय याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

मग वरून हुकूम आला. ब्रिटिश हद्दीत छापलेल्या काही मराठी पुस्तकांतला मजकूर राज्याला घातक आहे, तेव्हा सोबतच्या यादीप्रमाणे तो झाकावा. यादीत पुस्तकाचं नाव, पानाचा आकडा, ओळी. इतर गावच्या शाळांनी काय केलं ते मला माहीत नाही. काहींनी म्हणे ती पुस्तकंच घरी नेऊन माळ्यावर टाकली. काहींनी हुकूम वाचून फाइलला लावला आणि विसरून गेले. आमच्या मास्तरांनी घरून मैदा आणला, खळ शिजवली, कोऱ्या कागदाच्या मापात पट्ट्या कापल्या आणि कोटाच्या बाह्या दुमडून बसले. मी यादी वाचून दाखवायची आणि त्यांनी चिकटवायचं. खळीत गुठळी राहिली तर पान खराब होईल म्हणून त्यांनी ती फार पातळ केली होती.

पुढं पोरं मोठी झाली तेव्हा त्यांनी या पातळ खळीची एक कथा रचली. मास्तरांनी मुद्दाम पातळ खळ लावली, पट्ट्या सुटाव्यात आणि आम्ही वाचावं म्हणून! मी तिथं बसलो होतो. मुद्दाम कसलं आलंय? गुठळीची भीती, बाकी काही नाही.

यादीत शेतीवरचं एक पुस्तक होतं. पान बत्तीस, वरच्या सहा ओळी. मास्तरांनी पट्टी उचलली तेव्हा मी सहज त्या ओळी वाचल्या आणि म्हणालो, "मास्तर, इथं तर घातक असं काही नाही. जमिनीतल्या पेवात ज्वारी कशी भरावी ते लिहिलंय."

त्यांनी न बघताच पट्टीला खळ लावली. मी पुढची पानं चाळली. छत्तिसाव्या पानावर सापडलं. वेठबिगार म्हणजे गुलामी आहे, शेतकऱ्यानं वेठीला जायला साफ नकार द्यावा, अशा चांगल्या खणखणीत सहा ओळी होत्या. पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'दुसरी आवृत्ती' असं छापलं होतं. मजकूर वाढला होता, पानं पुढं सरकली होती, यादी पहिल्या आवृत्तीवरून केलेली होती. मी हे सगळं मास्तरांना नीट समजावून सांगितलं. वाटलं, खूश होतील, शाबासकी देतील. अखेर संशोधन म्हणतात ते हेच ना?

मास्तरांनी पट्टी बत्तिसाव्या पानावर ठेवली आणि रुमालानं दाबत म्हणाले, "हुकुमात बत्तीस लिहिलंय, मुळे. छत्तीस झाकलं तर आपण हुकमाबाहेर वागलो. बत्तीस नाही झाकलं तर हुकूम मोडला. बत्तीसच बराबर आहे."

"आणि छत्तीस?"

"त्याच्याबद्दल आपल्याला कुणी विचारलंय का?"

ते पुस्तक कपाटात गेलं. पेवातली ज्वारी झाकलेली, वेठबिगार उघडी. मी घरी जाऊन एकट्यानंच हसलो. हसलो, यापलीकडं काही केलं नाही, हे लक्षात ठेवा.

पुढं जे झालं ते मास्तरांच्या चाळीस वर्षांच्या उपदेशानं झालं नसतं. पट्ट्यांची बातमी पोरांत फुटली आणि दीड कपाटावर झुंबड उडाली. पट्टी असलेलं पुस्तक कोणतं, एवढंच जो तो विचारी. पोरं पान उन्हाकडं धरत, जिभेनं ओलं करत, आजूबाजूच्या ओळी पुन्हा पुन्हा वाचून मधलं काय असेल याचा अंदाज बांधत. एका पुस्तकात नाही उलगडलं तर दुसऱ्यात शोधत. कपाटाच्या जन्मात पहिल्यांदा कुणी तरी पुस्तकं वाचून राहिलं होतं. छत्तिसाव्या पानावर पट्टी नव्हती, म्हणून ते तेवढं कुणीच वाचलं नाही.

नोंदवही महिन्यात भरली. मास्तर फुलून गेले. "बघा मुळे, शेवटी कष्टाचं चीज होतं," असं मला म्हणाले आणि दुसरी वही घातली. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला, की इथं वाचनाचं कार्य उत्तम चालू आहे. तो शेरा मास्तरांनी नकलून घरी लावला. पट्ट्यांचा आणि वाचकांचा संबंध त्यांच्या डोक्यात शिरला नाही. किंवा शिरला असेल आणि त्यांनी वेड पांघरलं असेल. दोन्हीपैकी काय जास्त वाईट, हे मी ठरवू शकलेलो नाही.

गणपत याच वर्षातला. सेनगावच्या पुढं साखरा म्हणून गाव आहे, तिथल्या शेतकऱ्याचा मुलगा. हिंगोलीत मावशीकडं राहून शिकत होता. जरा बसका, मोठ्या कानांचा, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारा. त्यांच्या गावात तेव्हा शाळा नव्हती. मिडल पास व्हायचं, मास्तरकी मिळवायची आणि गावात शाळा काढायची, हे त्यानं ठरवूनच टाकलं होतं. "आमच्याकडली लेकरं येवढ्या लांब कवा येतील, सर? मीच जाईन तिकडं," असं मला एकदा म्हणाला होता. मिडलच्या परीक्षेला दोन महिने उरले होते आणि तो पहिल्या दोघांत येणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

त्या शनिवारी गणपतनं स्वतःचा प्रश्न चिठ्ठीवर लिहून दिला. मास्तरांनी नेहमीप्रमाणं ती मोठ्यानं वाचायला घेतली. "शेतीच्या पुस्तकात बत्तिसाव्या पानावर पट्टीखाली..." एवढंच वाचलं आणि थांबले. चिठ्ठीची घडी केली, कोटाच्या खिशात घातली आणि म्हणाले, "हा प्रश्न नाही."

"काहून न्हाई, सर? तुमीच म्हणता, जे ठावं न्हाई ते शोधा."

"खाली बस."

तो खाली बसला. पण सोमवारी रीतसर नोंदवहीत सही करून त्यानं ते पुस्तक नेलं. मागच्या बाकावर बसून ओल्या फडक्यानं पट्टी भिजवत असताना बरोबरच्याच एका पोरानं जाऊन चहाडी केली. दोन ओळी मोकळ्या झाल्या होत्या. पाण्यानं त्याही फुगून अशा एकात एक गेल्या होत्या की वाचता येईनात. कुणी तरी बाहेर बोललं, बोलणं ठाण्यापर्यंत गेलं, आणि राज्याच्या हुकमाचा अवमान अशी मोठी भाषा सुरू झाली.

सदरसाहेबांनी मास्तरांना बोलावलं. यादी माझ्याकडं म्हणून मलाही बोलावलं. पुस्तक टेबलावर होतं. साहेब बिचारे फार कष्टी दिसत होते. म्हणाले, "मास्टरजी, बच्चा है. पट्टी के नीचे क्या था, आप बता दो. मामूली बात हुई, तो मैं लिख देता हूँ के मामूली थी. कान पकड के छोड देंगे."

किती सोपं होतं! पेवात ज्वारी कशी भरावी, एवढं वाक्य बोलायचं होतं. साहेबांना वाचता येत नव्हतं, त्यांचा मास्तरांवर विश्वास होता, ते सांगतील ते कागदावर जाणार होतं. मास्तरांच्या कपाळाला घाम आला. मी बघत होतो. पेवाचं नाव घेतलं तर पुढचा प्रश्न काय येणार, हे त्यांना कळत होतं. मग झाकायचं ते कुठं आहे? आणि ते उघडं काहून ठेवलं?

"साहेब," मास्तर म्हणाले, "हुकूम में बत्तीस लिखा है."

"वो तो है. लिखा क्या था?"

"हुकूम में है, साहेब, तो कुछ होगाच."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी यादीकडं पाहिलं. बावीस वर्षांचा होतो, नोकरीचं दुसरं वर्ष होतं, ही कारणं मी तेव्हापासून स्वतःला देत आलो आहे. मास्तरांना मी भित्रा म्हणतो तेव्हा त्या टेबलाशी दोन माणसं मूग गिळून उभी होती, हे मला ठाऊक आहे.

नोंदवहीवरची गणपतची सही पुरावा म्हणून लावली. पटावरून त्याचं नाव कमी झालं. मिडलला बसता येईना, आणि कारणासह दाखला मिळाल्यावर दुसरी शाळा घेईना. दोन दिवसांनी त्याचा बाप आला. ओसरीत उभा राहून मास्तरांना म्हणाला, "मास्तर, पोरानं चोरी केली का? न्हाई ना? मंग वाचलं म्हणून काहून काढता? वाचायलाच तर धाडलं व्हतं."

मास्तर म्हणाले, "मी त्याला सांगितलं होतं, जपून."

त्या सोमवारी प्रार्थनेनंतर त्यांनी नेहमीसारखं नाव पुकारलं आणि दुसऱ्या एका पोराच्या छातीशी पुस्तक दिलं.

गणपत गावी गेला तो शेतीत लागला. सेनगावकडून येणाऱ्यांकडून त्याच्याबद्दल ऐकू येई. राज्यानं झाकलेलं वाचलं म्हणून त्याला काढलं, हे पंचक्रोशीत माहीत झालं होतं. माणसं त्याला मान देत. रझाकारांच्या धामधुमीत गावची पोरं त्याच्या शब्दाबाहेर जात नव्हती म्हणे. पट्टीखाली काय होतं असं कुणी विचारलं तर तो गप्प राही. लोकांना वाटे, सांगण्यासारखं नसेल. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं, हे फार कुणाला ठाऊक नव्हतं.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. महिन्याभरात मास्तरांनी हुकूम नसताना आयुष्यातलं पहिलं काम केलं. परात भरून पाणी आणलं, फडकी घेतली आणि पट्ट्या काढायला बसले. गावातले पुढारी येऊन बघून जात. "कठीण काळात आपण ग्रंथ वाचवलेत," असं म्हणत. सत्काराचं ठरत होतं. मास्तर नम्रपणानं म्हणत, "माझं काय? मी फक्त जपलं." मी शेजारी बसून एकेक पुस्तक पुढं करत होतो. चिकटवतानाही मीच होतो, काढतानाही मीच.

तेव्हा गणपत आला. चार वर्षांत चांगला रुंद झाला होता, मिशी आली होती. दारात जोडा काढून आत आला, दोघांना रामराम केला आणि म्हणाला, "सर, पट्ट्या काढून राहिले असं कानावर आलं. ते शेतीचं पुस्तक मला दावता का?"

मला वाटलं, आता मास्तरांची तारांबळ उडेल. कसलं काय! त्यांना आनंद झाला. "अरे, ये ये! आपला जुना वाचक," म्हणाले. रुमाल पसरला, पुस्तक त्यावर ठेवलं, बत्तिसावं पान उघडलं. उरलेली पट्टी भिजवून, अंगठ्यानं हळूहळू लोटत अखंड काढली. त्या कामात त्यांचा हात फार चांगला होता. मग घसा साफ करून, प्रस्तावना वाचायच्या सुरात त्यांनी वाचायला घेतलं. पहिल्या दोन ओळी जागोजाग अडखळत लागल्या, पुढच्या चार स्वच्छ होत्या. पेव कोरड्या जागी खणावं. ज्वारी भरण्याआधी आत कडबा जाळून ओल घालवावी. कडेनं कडुनिंबाचा पाला द्यावा. तोंड मातीनं लिंपून घ्यावं.

गणपत वाकून ऐकत होता. मास्तर थांबले तरी तो तसाच वाकलेला राहिला.

"फुडं?"

"एवढंच."

"येवढंच?" तो सरळ झाला. "हे तर आमची माय बी सांगती."

"म्हणूनच म्हणतो," मास्तर उत्साहानं म्हणाले, "पुस्तकात काय काय असतं बघ! वाचनासारखं दुसरं काही नाही."

गणपतनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडं वळला. "सर, तुमाला ठावं व्हतं का? तवा?"

खोटं बोलायची अजूनही सोय होती. "व्हय," मी म्हणालो.

"आन् यांला?"

"व्हय."

त्यानं आणखी काही विचारलं नाही. छत्तिसावं पान मी दाखवायला हवं होतं, माझा हात पुस्तकाकडं गेलाही होता. पण तो दाराशी पोचला होता. जोडा पायात सरकवला, अंगण ओलांडलं आणि फाटकातून बाहेर पडला. पुन्हा तो शाळेत आला नाही. साखऱ्यात शाळा निघाली ती बरीच पुढं, आणि तिथं मास्तर म्हणून गेला तो भलताच कुणी तरी.

मास्तर ओलं पान फुंकर घालून वाळवत होते. ते झाल्यावर पुस्तक बाजूला ठेवलं, रुमाल झटकून पुन्हा पसरला आणि मान वर न करता हात पुढं केला.

"पुढचं द्या, मुळे."

मी दिलं.